मिनाराच्या पायथ्याचा हात

ओळंब्याला खरं नाव होतं, पण बायको ते घेत नसे आणि गल्लीला ते ठाऊक नव्हतं. गवंडीकामात इतकी वर्षं गेली की लोक त्याला हत्याराच्याच नावानं हाक मारू लागले. दोरीला बांधलेलं वजन भिंतीशेजारी सोडलं की भिंत कुठं कलली आहे ते उघडं पडतं. हा माणूसही तसाच होता. मेव्हण्यानं एकदा हौसेनं नवं घर दाखवायला नेलं, तर यानं चहाचा पेला खाली ठेवला, दाराच्या चौकटीवर एक डोळा मिटून नजर लावली आणि म्हणाला, "बोटभर कललंय." मेव्हणा पुढं वर्षभर बोलला नाही. ओळंब्याला त्यात आपलं काय चुकलं ते कळलं नाही. चौकट कललेलीच होती ना?

नाकासमोर चालणारी माणसं आपण पुष्कळ बघतो. हा नाकासमोर चालायचाच, वर दुसऱ्याचं नाक वाकडं असेल तर तेही सांगायचा. नमाज चुकवायचा नाही, खोटं बोलायचा नाही, आणि ज्या गोष्टीला आधार नाही ती करायचा नाही. घरात भिंतीवर चित्र नाही, पडद्यावर फूल नाही. बायकोनं उशीच्या अभ्र्यावर दोन मोर काढले होते, ते अभ्रे तिनं उलटे करून घातले. ती हसून म्हणायची, "माझे मोर आतल्या बाजूला नाचतात." तिला हसू यायचं, हे त्या घराचं नशीब.

आणि अशा बापाच्या पोटी आलं कोण, तर वेलबुट्टी. पोराला हे नाव बाजारानंच ठेवलं होतं. ओल्या वाळूचा ढीग दिसला की बोटानं वेल काढ, सिमेंटच्या पोत्यावर कोळशानं पानं काढ, आईनं कणीक मळली की तिच्यावर नखानं नक्षी उमटव. बापाच्या हाताखाली तो गवंडी झाला, चांगला झाला, पण त्याची थापी सरळ जाता जाता मध्येच वळायची. बाप म्हणायचा, "भिंत आहे ती, साडी नव्हे." पोरगं म्हणायचं, "हो बाबा." आणि बापाची पाठ फिरली की कोपऱ्यात एक पान उमटलेलं असायचं.

त्यांची मशीद टायरच्या दुकानांच्या मागं होती. मशीद कसली, पत्र्याची लांबट शेड, आत चटया, बाहेर हातपाय धुवायला नळांची रांग. दोन्ही बाजूंना गोदामं उठली आणि रस्त्यावरून ती दिसेनाशी झाली. तेव्हा कुणीतरी म्हणालं, एक मिनार बांधू. झालं, तिथून जी जुंपली ती विचारू नका.

निम्मे लोक म्हणाले, मिनार म्हणजे बिदअत. बिदअत म्हणजे धर्मात मागाहून घुसवलेली नवी गोष्ट, आणि तिच्यापासून चार हात दूर राहावं असं लहानपणापासून प्रत्येकाच्या कानावर घातलेलं. ते म्हणाले, पहिल्या मशिदीला खजुराच्या खोडांचे खांब होते, वर झावळ्यांचं छप्पर, आणि अजान शेजारच्या घराच्या गच्चीवरून व्हायची. मिनार होता कुठं? दुसरे निम्मे म्हणाले, मग तुमचे हे पंखे कुठं होते? हे नळ कुठं होते? कर्णा लावलात तेव्हा नाही आठवली खजुराची खोडं? टायरवाला म्हणाला, पंखा ही सोय आहे, मिनार हा दिखावा आहे. त्यावर सायकलवाला म्हणाला, उन्हाळ्यात तू पंख्याखालची जागा कशी अडवतोस ते बघितलंय सगळ्यांनी, दिखावा कुणाचा ते आम्हाला सांगू नकोस. जुने इमाम म्हातारे आणि भले होते. ते म्हणाले, नवं म्हणून सगळंच वाईट नसतं. वाट चुकणाऱ्याला मशीद दिसली तर त्यात पाप कुठलं? बांधा, पण साधा बांधा. नक्षी नको, रंग नको.

आणि साधा बांधायचा म्हटल्यावर दोन्ही बाजूंच्या तोंडून एकच नाव आलं. ओळंबा. तो काडीची नक्षी घालणार नाही याची दोन्हीकडं खात्री होती. त्यानं होकार दिला तोच अट घालून. "सरळ चढवीन. वर कुणी काही मागायचं नाही."

मिनार चढू लागला. बायकांच्या दाराला लागूनच त्याचा पायथा घेतला होता, कारण तेवढीच जागा मोकळी होती. बापलेक दोघं परांचीवर. ओळंब्याची एक सवय होती: वरच्या फळ्यांच्या गाठी संध्याकाळी सोडून ठेवायच्या आणि सकाळी स्वतःच्या हातानं बांधायच्या. दुसऱ्यानं मारलेल्या गाठीवर तो पाय ठेवत नसे. पोरालाही ठेवू देत नसे. पोरगं चिडवायचं, "बाबा, तुम्ही जन्माला आलात तेव्हा नाळ कुणी बांधली? ती तपासली का?" बाप हसायचा नाही, पण दुहेरी गाठ मारताना ओठाचा एक कोपरा हलायचा.

मिनाराचं काम गळ्याशी, म्हणजे माथ्याच्या जरा खाली, आलं आणि पोराच्या डोक्यात किडा वळवळला. रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबा, गळ्याशी एक पट्टा काढू? वीतभर. खालून कुणाला दिसणारही नाही."

"दिसणार नाही तर काढायचा कशाला?"

"वर आहे तो बघेल की."

"त्याला वेली आवडतात हे तुला कुणी सांगितलं?"

"आणि त्याला आवडत नाहीत हे तुम्हाला?"

आईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाशी नेला, पण व्हायचं ते झालं. ओळंबा ताटावरून उठला. हात धुताना एवढंच म्हणाला, "माझ्या कामात बिदअत नको." पोरानं मान खाली घातली. आईनं त्याच्या ताटात आणखी वाढलं आणि डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे. ती तिघांची शेवटची पंगत.

सकाळची नमाज झाली. ओळंबा इमामांशी बोलत बराच वेळ थांबला, आणि पोरगं गुपचूप आधी वर गेलं. बाप यायच्या आत पट्ट्याची सुरुवात करून टाकायची, एकदा काढलेली पानं कोण खरवडून काढणार, असा त्याचा हिशेब असावा. वरच्या फळ्या त्यानंच बांधल्या. घाईत बांधल्या, एकेरी.

ओळंब्यानं आवाज ऐकला तेव्हा त्याला वाटलं, चुन्याचं घमेलं पडलं. तो रागावूनच बाहेर आला.

पुढचं काय सांगायचं? दफन झालं, माणसं आली, गेली. ओळंबा कोसळला नाही. सगळ्यांना ताठ मानेनं सामोरा गेला, "त्याची अमानत होती, त्यानं नेली," असं प्रत्येकाला म्हणाला, आणि लोक म्हणाले, काय धीराचा माणूस. घरात बायको कोपऱ्यात बसून रडायची तेव्हा हा शेजारी बसून तिला सबुरीचं सांगायचा. एकदासुद्धा त्यानं तिच्याबरोबर डोळ्याला पाणी आणलं नाही. शेवटी ती त्याच्यासमोर रडायची थांबली.

मग तो कामावर गेला. मिनार अर्धा टाकून कसं चालेल? फळ्या बांधल्या, दुहेरी, आणि वर चढला. गळ्याशी पोरानं ओलं पोतं लावून ठेवलं होतं, चुना वाळू नये म्हणून. रात्रीच्या दवानं पोतं अजून दमट होतं. त्यानं ते बाजूला केलं. खाली दोन पानं आणि तिसऱ्याचा देठ. काम सुबक होतं, आणि ओळंब्याला ते सुबक आहे हे कळत होतं, तेच वाईट. पट्टा काढू दिला असता तर फळ्या आपण बांधल्या असत्या. हे त्याच्या मनात आलं आणि मग कधीच गेलं नाही. त्यानं गिलाव्याचा रंधा घेतला आणि ती पानं सपाट केली. शब्द दिला होता ना, नक्षी नको म्हणून. दिलेला शब्द पाळला.

खाली उतरला तेव्हा पायथ्याला मजुरानं नुकताच चुन्याचा शेवटचा हात देऊन ठेवला होता आणि जेवायला निघून गेला होता. आवारात कुणी नव्हतं. ओळंब्याचा तोल गेला. पडू नये म्हणून त्यानं डावा हात समोर टाकला, तो ओल्या भिंतीवर. तसाच तो उभा राहिला, कपाळ मनगटाला टेकवून, आणि तोंडातून आवाज न येऊ देता रडला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. मग हात काढला, नळावर धुतला आणि घरी न जाता नदीच्या बाजूनं चालत सुटला. त्या दिवशी घरून डबा आलाच नव्हता, पण त्याचीही आठवण त्याला झाली नाही. परत आला तोवर चुना धरला होता. भिंतीत पंजा उमटलेला होता, पाची बोटं स्वच्छ.

तो बुजवायला हवा होता. तेवढं त्याच्या हातून झालं नाही. उद्या करू म्हणाला, आणि उद्या परांची उतरवायची घाई निघाली.

आणि शुक्रवारी बायका आल्या. पंजा पहिल्यांदा दिसला तो शिवणकाम करणाऱ्या शेजारणीला. ती म्हणाली, "अगं बाई, हा तर पोराचा हात. जाता जाता खूण ठेवून गेलं." बायका रडू लागल्या. पोराची आई पुढं झाली, तिनं आपला तळवा त्या पंजात ठेवला आणि डोळे मिटले. ओळंबा नळाशी उभा राहून हे बघत होता. जन्मभर खोटं न बोललेला माणूस. तेव्हाही तो खोटं बोलला नाही. मूग गिळून गप्प बसला. तिला तेवढा तरी आधार, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

त्यानंतर ती दर शुक्रवारी तिथं थांबायची. तळवा ठेवायची, क्षणभर उभी राहायची, आत जायची. घरी परतली की तिचा चेहरा जरा सैल झालेला असायचा, कधी भाजी चिरताना काहीतरी गुणगुणायची. ओळंबा ते ऐकायचा आणि उठून बाहेर जायचा.

तेवढ्यावर थांबतं तर काय हवं होतं. पण शेजारणीच्या नातीचा ताप उतरला. आदल्या दिवशी तिनं नातीचा हात पंजावर लावला होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, दुसरं काय. पण बायकांना ते कोण समजावणार? लेकरं घेऊन आया येऊ लागल्या. कुणी पंजाला अत्तर लावलं, कुणी तेल. परीक्षेला जाणारी मुलं वाकडी वाट करून बोटं टेकवून जाऊ लागली. दुसऱ्या वस्तीतून माणसं विचारत यायची, हाताची मशीद ती हीच का? पांढरा पंजा तेलानं काळा पडला. टायरवाला, जो मिनारालाच बिदअत म्हणत होता, तोच एक दिवस पितळी चौकट घेऊन आला. त्याच्या सुनेला दिवस गेले होते. जुने इमाम म्हणायचे, भोळी माणसं आहेत, मी सांगेन त्यांना. सांगेन सांगेन म्हणता म्हणता ते वारले.

नवे इमाम तरुण होते. वाईट नव्हते, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही लगेच त्यांच्यावर दात खायला लागाल. त्यांनी आवाज चढवला नाही, कुणाला काफीर म्हटलं नाही. दोन-चार शुक्रवार नुसतं बघितलं आणि मग ओळंब्याला खोलीत बोलावून चहा दिला.

"चाचा, तुम्ही जाणते आहात. या भिंतीपुढं लोक मागणं मागतात. भिंतीकडं."

"हो."

"मागायचं कुणाकडं?"

"एकाकडं."

"मग तो पंजा बुजवायला हवा. मी दुसरा गवंडी आणला तर बायका त्याच्या अंगावर जातील. तुम्ही बाप आहात. तुम्ही बुजवलात तर कुणी ब्र काढणार नाही. तुमच्यावर फार मोठं ओझं टाकतोय, कळतं मला."

ओळंब्याचं झालं धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. एक वाक्य बोललं की काम संपत होतं: तो हात माझा आहे. पोराचा नाही म्हटल्यावर कोण तेल लावणार होतं त्याला? पंजा राहिला असता आणि गर्दी गेली असती. पण मग घरी ती. तिचा तेवढाच एक आधार, तोही खोटा होता हे तिला कळलं असतं. बुजवला तर निदान पोराचा हात होता एवढं तरी तिच्यापाशी राहील. त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "बुजवतो."

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं सांगितलं. ती थांबली.

"तुम्हीच बुजवणार?"

"हो."

"तुम्हाला पटलंय?"

"बिदअत आहे ती. आपल्या घरातून सुरू झाली."

तिनं हातातली घडी पुरी केली. मग त्याच्याकडं सरळ बघून म्हणाली, "अहो, तुम्हाला मला दुसरं काही सांगायचंय का?"

तो घोटाळला. तिच्या विचारण्यात काहीतरी होतं, पण त्याला ते धरता आलं नाही. "नाही," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढची घडी घालायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आवार रिकामं असताना त्यानं पितळी चौकट काढून ठेवली आणि कामाला लागला. तेलावर चुना धरत नाही, म्हणून आधी छिन्नीनं पंजा टोचून काढावा लागला, एकेक बोट. मग पाणी मारलं, भर घातली, वरून शेवटचा हात फिरवला. ओळंब्याचं काम ते. जुना गिलावा कुठं संपतो आणि नवा कुठं लागतो हे दिसू द्यायचं नाही, ही त्याची ख्याती. आठवडा गेला, चुना वाळला आणि भिंत अशी एकसारखी झाली की तिथं कधी काही होतं असं सांगून पटलं नसतं. बायका आल्या, भिंतीपाशी घोटाळल्या, त्याच्याकडं बघून पदर डोळ्याला लावून आत गेल्या. कुणी ब्र काढला नाही. इमामांनी बरोबर ओळखलं होतं.

ती त्या शुक्रवारी गेली नाही. पुढच्याही नाही. जेवायची, वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण गुणगुणणं थांबलं, आणि मोरांचे अभ्रे तिनं धुऊन कपाटात ठेवून दिले. दिवसेंदिवस ती अशीच वाळत चालली तेव्हा ओळंब्याला वाटलं, आता सांगावं. नव्हतंच काही आपलं तिथं, असं कळलं तर दुःख तरी हलकं होईल. एका दुपारी तो तिच्यासमोर बसला.

"ऐक. तो हात आपल्या पोराचा नव्हता. माझा होता. तुझं काही गेलेलं नाही."

तिनं त्याच्याकडं बघितलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी त्या दिवशी डबा घेऊन आले होते. बायकांच्या दाराशी उभी होते. तुम्ही भिंतीला टेकून रडत होतात." तिचा आवाज चढला नाही. "डबा घेऊन तशीच परत फिरले. म्हटलं, रडू दे माणसाला एकदा."

ओळंब्यानं आपल्या डाव्या तळव्याकडं बघितलं.

"शेजारीण म्हणाली, पोराचा हात. मी म्हटलं का कधी? एकदा तरी माझ्या तोंडून ऐकलंत? मी तुमच्या हातावर हात ठेवायला जात होते. घरात तुम्ही मला सबुरी शिकवत होतात. तिथं तेवढं कळायचं, की पोरगं आपल्या दोघांचंही गेलंय. मी एकटी नाही." ती थांबली. "किती वाट बघितली, बुजवायच्या आधी तरी सांगाल म्हणून. विचारलंसुद्धा तुम्हाला."

त्यानं हात पुढं केला. तोच डावा. तिनं त्या हाताकडं बघितलं. मग विचारलं, "कुठं होता ते तरी कळतं का आता भिंतीवर?"

"नाही," तो म्हणाला. "सांधा दिसत नाही."

ती उठून आत गेली.

नंतर ती फार वर्षं जगली नाही. आजार साधाच होता, पण तिनं त्याच्याशी भांडण मांडलं नाही. शेवटच्या दिवसांत ओळंबा तिच्या उशाशी बसून तिचा हात हातात धरायचा. ती तो काढून घ्यायची नाही आणि धरायचीही नाही.

पुढं ओळंब्यानं काम सोडलं. डोळ्यांना कमी दिसू लागलं, तरी मशिदीत यायचा, नमाजेच्या बराच आधी. नळावर हातपाय धुतले की मिनाराच्या पायथ्याशी जायचा आणि भिंतीवर डावा तळवा फिरवायचा. छातीच्या उंचीला, मग जरा खाली, मग डावीकडं. कुठंतरी नव्या गिलाव्याची कड लागेल, कुठं जरा उंचवटा, जरा खोलगट. बोटांना सगळी भिंत सारखीच लागायची. येणारे जाणारे बघायचे. एक-दोन बायकांनी त्याचं झाल्यावर तिथं हात लावून पाहिला, म्हातारा लावतो तर काहीतरी असेल म्हणून.

शेवटी इमाम जवळ आले. तेही आता पूर्वीइतके तरुण राहिले नव्हते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "चाचा, भिंतीला असा हात लावत जाऊ नका. लोक बघतात. पुन्हा सुरू होईल."

"मागत नाही मी काही," ओळंबा म्हणाला. "सांधा शोधतोय."

इमाम हसले. "तुमच्या कामात सांधा सापडतो होय कुणाला?"

"नाही सापडत," तो म्हणाला. अजान सुरू झाली, तेव्हा त्यानं भिंतीवरचा हात काढला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.